इक्विटी रिलीज की रिमॉर्गेज? ब्रिटनमधल्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठ-सत्तरच्या दशकांत एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) आलेली डॉक्टर मंडळी आणि त्यांच्या मागून आलेले इंजिनिअर, शिक्षक, दुकानदार आता सत्तरी-ऐंशीत आहेत. घर बहुतेकांचं फिटलंय किंवा फिटत आलंय. पेन्शन येते, पण छप्पर दुरुस्त करायचं, जिन्याला लिफ्ट बसवायची, नातवाच्या घराला हातभार लावायचा म्हटलं की हातात रोकड नसते, कारण सगळा पैसा घरात अडकलेला. तो बाहेर काढायचे दोन मुख्य रस्ते आहेत, इक्विटी रिलीज आणि रिमॉर्गेज, आणि त्यांबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. नियम इंग्लंडचे धरलेत. स्कॉटलंडमध्ये मालमत्तेचा कायदा आणि केअरचे आकडे वेगळे आहेत. वाचून झाल्यावरही सल्लागाराकडे जावं लागेलच. इक्विटी रिलीज तर सल्ल्याशिवाय मिळतच नाही.

दोन्हींत मूळ फरक काय?

रिमॉर्गेज म्हणजे घरावर नव्याने घेतलेलं साधं कर्ज, किंवा जुनं कर्ज मोडून त्याच्या जागी घेतलेलं मोठं कर्ज. दर महिन्याला हप्ता जातो, मुदत ठरलेली असते आणि हप्ते थकले तर घर जप्त होऊ शकतं. इक्विटी रिलीजमध्ये आज बहुतेक लोक घेतात ते लाइफटाइम मॉर्गेज. त्यासाठी वय किमान ५५ लागतं, हप्ता भरायची सक्ती साधारणपणे नसते, व्याज मुद्दलात मिळत जातं आणि सगळा हिशेब दोघांपैकी शेवटची व्यक्ती गेल्यावर किंवा कायमची केअर होममध्ये गेल्यावर, बहुधा घर विकून, चुकता होतो.

व्याज दोन्हीकडे द्यावंच लागतं. प्रश्न एवढाच की ते तुम्ही आज पेन्शनमधून द्यायचं की उद्या घराने द्यायचं. बाकीचे सगळे फायदे-तोटे यातूनच निघतात.

हप्ता नाही म्हणजे फायदाच ना? शेवटी किती होतात?

इथे कागद-पेन घेऊन बसा. समजा घर ३,५०,००० पौंडांचं आहे आणि ८०,००० पौंड काढायचे आहेत. लाइफटाइम मॉर्गेजचा दर ६.५ टक्के धरू. हा दर उदाहरणापुरता; तुमच्या हातातल्या कोटेशनमध्ये जो असेल तो घ्या. एकही पौंड भरला नाही तर १० वर्षांनी देणं होतं सुमारे १,५०,१७१ पौंड, १५ वर्षांनी २,०५,७४७ आणि २० वर्षांनी २,८१,८९२. साधारण अकरा वर्षांत रक्कम दुप्पट. पहिल्या दहा वर्षांत ७० हजार वाढले आणि पुढच्या दहांत १ लाख ३१ हजार. चक्रवाढीचं हे असंच असतं, म्हणून साठीत घेतलेलं कर्ज आणि ऐंशीत घेतलेलं तेच कर्ज यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं.

घराची किंमत वीस वर्षं आहे तिथेच राहिली तर मुलांच्या हाती सुमारे ६८,००० पौंड उरतील. वर्षाला २ टक्क्यांनी वाढली तर घर ५,२०,००० च्या आसपास जाईल आणि २,३८,००० उरतील. कंपनीच्या माहितीपत्रकात बहुधा वाढतं घर दाखवलेलं असतं. न वाढलेल्या घराचा हिशेब मागून घ्या.

आता तेच ८०,००० रिमॉर्गेज करून, ५ टक्क्यांनी, १२ वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला साधारण ७४० पौंड जातात. एकूण भरणा सुमारे १,०६,५०० आणि नंतर घर पुन्हा मोकळं. पैशाच्या दृष्टीने हे कितीतरी स्वस्त आहे, पण ७४० पौंड बारा वर्षं दर महिन्याला निघाले पाहिजेत. दोघांपैकी एकजण गेला तरीही.

मधला मार्गही आहे. इक्विटी रिलीज काउन्सिल या कंपन्यांच्या संघटनेच्या नियमांप्रमाणे मार्च २०२२ पासूनच्या नव्या योजनांत दंडाशिवाय थोडी थोडी परतफेड करण्याची मुभा असते. मर्यादा योजनेगणिक वेगळी. वर्षाला मूळ रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत अशी अनेक ठिकाणी दिसते. वरच्याच उदाहरणात महिन्याला २०० पौंड बाजूला काढून वर्षाअखेर २,४०० भरत राहिलात, तर वीस वर्षांनी देणं २,८१,८९२ ऐवजी सुमारे १,८८,७०० होतं. भरले ४८,००० आणि देणं कमी झालं ९३,००० ने. ज्यांना थोडंफार जमतं त्यांनी हे केलंच पाहिजे, आणि ज्या महिन्यात जमलं नाही त्या महिन्यात कोणी दारात येत नाही.

आमच्या वयाला रिमॉर्गेज देतं कोण?

देतात. वयापेक्षा उत्पन्न आडवं येतं. एप्रिल २०१४ पासून हप्ता परवडतो का हे कसून तपासणं लेंडरवर (कर्ज देणाऱ्या संस्थेवर) बंधनकारक आहे, आणि निवृत्तीनंतरचं उत्पन्न म्हणजे स्टेट पेन्शन, नोकरीची पेन्शन, इथलं भाडं एवढंच. एनएचएसची पूर्ण पेन्शन असलेल्या डॉक्टरला हे सहज जमतं. आयुष्यभर छोटं दुकान चालवून फक्त स्टेट पेन्शनवर असलेल्याला अवघड जातं, मग घर कितीही मोठं असो. मुदत संपताना वय किती चालेल याची मर्यादा प्रत्येकाची वेगळी. मोठ्या बँकेने नाही म्हटलं तरी बिल्डिंग सोसायट्यांकडे (घरकर्ज देणाऱ्या सभासदांच्या संस्थांकडे) विचारावं, त्यांतल्या काही वयाची अट फार ताणत नाहीत. भारतातलं भाडं किंवा एफडीचं व्याज मात्र अनेकजण उत्पन्नात धरत नाहीत, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका.

आधीचं मॉर्गेज चालू असेल आणि फक्त दर बदलायचा असेल, तर त्याच लेंडरकडे नवी योजना घेणं सर्वांत सोपं. रक्कम वाढवायची नसेल तर बहुधा उत्पन्नाची नव्याने तपासणी होत नाही.

रिटायरमेंट इंटरेस्ट-ओन्ली म्हणजे काय?

दर महिन्याला फक्त व्याज भरायचं, मुद्दल तुमच्या पश्चात किंवा केअर होममध्ये गेल्यावर घर विकून फिटतं. २०१८ मध्ये नियम सैल झाल्यावर हा प्रकार पुढे आला. ८०,००० वर ६ टक्क्यांनी महिन्याला ४०० पौंड. कर्ज वाढत नाही, म्हणून मुलांसाठी काय उरणार हे आजच कळतं. मला हा पर्याय फार उपयोगी वाटतो आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते. एकच मोठी अट: दोघांपैकी मागे राहणाऱ्याला एकट्याच्या उत्पन्नावर व्याज परवडेल का हे आधीच तपासतात. आपल्याकडे बायकांची स्वतःची पेन्शन बऱ्याचदा तुटपुंजी असते, आणि अर्ज अडतो तो इथेच.

घर कंपनीच्या नावावर होतं का?

लाइफटाइम मॉर्गेजमध्ये नाही. मालक तुम्हीच. घराचा विमा चालू ठेवणं आणि घर नीट राखणं ही जबाबदारीही तुमचीच, आणि ती करारात लिहिलेली असते. होम रिव्हर्जन नावाचा दुसरा प्रकार आहे, त्यात घर किंवा त्याचा हिस्सा खरोखर विकला जातो, तोही बाजारभावाच्या बराच खाली, कारण तुम्ही हयात असेपर्यंत त्यात राहणार असता. तो आता क्वचितच कोणी घेतं, आणि घेऊ नये असंच माझं मत आहे.

कर्ज घराच्या किमतीपेक्षा वाढलं तर मुलांवर येतं का?

योजना इक्विटी रिलीज काउन्सिलच्या मानकांतली असेल तर नाही. घर रास्त भावाने विकून येईल तेवढ्यावर हिशेब संपतो, उरलेलं मुलांकडून मागता येत नाही. शिवाय दर आयुष्यभरासाठी स्थिर असतो किंवा त्याला वरची मर्यादा असते.

‘अशा योजनांत लोक बुडालेत’ असं ज्येष्ठ मंडळी सांगतात आणि ते खोटं नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस घरावर कर्ज काढून ते पैसे गुंतवायला लावणाऱ्या योजना विकल्या गेल्या. व्याज चढलं, गुंतवणूक पडली, म्हातारी माणसं कर्जात अडकली. १९९६ ते १९९८ मध्ये काही बँकांनी घराच्या किमतीतल्या वाढीचा मोठा हिस्सा मागणारी कर्जं दिली, आणि नंतर घरांचे भाव इतके चढले की ती माणसं घर विकून दुसरीकडे जाऊच शकली नाहीत. आजचे नियम याच अनुभवांतून आले. १९९१ मध्ये कंपन्यांनी एकत्र येऊन आचारसंहिता केली, तीच संघटना २०१२ पासून इक्विटी रिलीज काउन्सिल म्हणून ओळखली जाते. लाइफटाइम मॉर्गेज २००४ पासून आणि होम रिव्हर्जन २००७ पासून सरकारी नियमनाखाली आहे.

घर फक्त ह्यांच्या नावावर आहे. मी काय करावं?

सही होण्याआधी हा प्रश्न सोडवा. आयुष्यभर राहायचा हक्क करारात ज्यांची नावं आहेत त्यांनाच मिळतो. पतीच्या एकट्याच्या नावावर योजना घेतली आणि ते आधी गेले, तर कर्ज तिथेच देय होतं आणि मागे राहिलेल्या पत्नीला घर सोडावं लागू शकतं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी घर घेताना अनेक जोडप्यांनी एकच नाव घातलं, कारण तेव्हा पगार एकाचाच होता. ते आधी दुरुस्त करून दोघांची नावं लावा, मग पुढे चला. कर्जाची रक्कम दोघांतल्या लहान वयावर ठरत असल्यामुळे पैसे थोडे कमी मिळतात. म्हणून एखादा ‘मॅडमचं नाव नको, जास्त पैसे मिळतील’ असं सुचवेल. त्याच्याकडून उठून या.

मुलगा-सून आमच्याबरोबरच राहतात. त्यांचा काय संबंध?

फार मोठा. घरात राहणाऱ्या, पण कर्जात नाव नसलेल्या प्रत्येक सज्ञान माणसाकडून लेंडर एक कागद सही करून घेतो: या घरावर माझा राहण्याचा हक्क कर्जाच्या पुढे चालणार नाही. मुलगा, सून, आई-वडिलांची देखभाल करायला नोकरी सोडून आलेली लेक, सगळ्यांना हे लागू. आई-वडील गेल्यावर कर्ज फेडता आलं नाही तर त्यांना घर रिकामं करावं लागतं. ‘नंतर घर तुझंच आहे’ हे आपल्याकडे तोंडी ठरलेलं असतं, आणि त्या भरवशावर मुलाने स्वयंपाकघर वाढवायला स्वतःचे पैसेही घातलेले असतात. त्या पैशांची नोंद कुठेच नसते.

अशा घरात सगळे एकत्र बसून बोलल्याशिवाय इक्विटी रिलीज घेऊ नये. मुलाचं उत्पन्न चांगलं असेल तर त्याला सहकर्जदार करून साधं रिमॉर्गेज मिळतं का ते आधी बघा. तिथेही त्याने स्वतंत्र सॉलिसिटरचा सल्ला घ्यावा, कारण कर्ज त्याच्याही डोक्यावर येतं आणि पुढे स्वतःचं घर घेताना ते मोजलं जातं.

आम्ही थंडीत चार-पाच महिने पुण्याला असतो. चालेल का?

हे घर तुमचं मुख्य राहतं घर असलं पाहिजे ही अट जवळजवळ सगळीकडे असते. सलग किती काळ बाहेर राहता येतं, आधी कळवावं लागतं का, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. सल्लागाराला हे पहिल्याच भेटीत सांगा आणि उत्तर लेखी घ्या. दुसरी गोष्ट घराच्या विम्याची: घर ३० किंवा ६० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं की अनेक पॉलिसींत पाइप फुटणं, चोरी यांची भरपाई बंद होते. विमा चालू ठेवणं ही कर्जाची अट असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकतात. रिमॉर्गेजमध्येही घर राहतंच हवं, भाड्याने द्यायचं तर परवानगी लागते. पण लाइफटाइम मॉर्गेजमध्ये ‘घर सोडलं’ असं ठरलं तर संपूर्ण रक्कम एकदम मागितली जाते.

आणि कायमचं भारतात परत जायचं ठरलं तर?

केअर होममध्ये जाणं आणि नाशिकला बहिणीशेजारी राहायला जाणं हे करारात सारखं नाही. पहिल्यात मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. दुसऱ्यात तुम्ही स्वतःहून घर सोडता, म्हणून कर्ज देय होतं आणि दंडाची मुदत चालू असेल तर दंडही. काही योजनांचा दंड ठरलेल्या टक्केवारीने वर्षागणिक उतरत जातो. काहींचा सरकारी रोख्यांच्या दराशी बांधलेला असतो, त्यात तो किती येईल हे आज सांगता येत नाही. पाच वर्षांनंतर लहान घरात जाताना दंड माफ करणारी कलमं असतात, पण परदेशी जाण्याला ती लागू आहेत का हे नीट वाचायला हवं.

मनात परतीचा विचार जरासाही असेल तर माझं सांगणं स्पष्ट आहे: लाइफटाइम मॉर्गेज घेऊ नका. कमी मुदतीचं, दंड लवकर संपणारं रिमॉर्गेज घ्या, किंवा थेट घर विकायचा विचार करा. आणखी एक, भारतात स्थायिक झाल्यावर ब्रिटनची स्टेट पेन्शन मिळत राहते, पण इथल्यासारखी दरवर्षी वाढत नाही. गेलात त्या वर्षी जी होती तीच पुढे. हा हिशेब अनेकजण करतच नाहीत.

मुलीच्या घराच्या डिपॉझिटसाठी पैसे काढावेत का?

काढायचे तर गरजेपुरते. भेट दिल्यानंतर सात वर्षं जगलात तर त्यावर वारसा कर लागत नाही. पण वारसा कर वाचवायला म्हणून कर्ज काढण्याआधी तो लागतो का ते बघा. प्रत्येकी ३,२५,००० पौंडांची सूट, आणि राहतं घर मुला-नातवंडांना जात असेल तर आणखी १,७५,०००. नवरा-बायकोची मिळून १० लाख पौंडांपर्यंत जाते. बहुतेक मराठी घरं त्याच्या आतच बसतात.

दुसरी बाजू केअरची. पैसे वाटून टाकल्यावर थोड्याच काळात केअरची गरज लागली, तर स्थानिक काउन्सिल ते पैसे अजून तुमच्याकडेच आहेत असं धरून हिशेब करू शकतं. मुलगी भारतात असेल तर आई-वडिलांनी दिलेल्या भेटीवर तिला तिथे आयकर लागत नाही.

पेन्शन क्रेडिट, काउन्सिल टॅक्सची सवलत जाईल का?

जाऊ शकते. राहतं घर मोजलं जात नाही, पण त्यातून काढून बँकेत ठेवलेली रोकड मोजली जाते. पेन्शन क्रेडिटमध्ये (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यात) पहिले १०,००० पौंड सोडून पुढच्या प्रत्येक ५०० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात. केअरसाठी इंग्लंडमध्ये बचत २३,२५० पौंडांच्या वर गेली की खर्च सगळा आपला. स्टेट पेन्शन आणि अटेंडन्स अलाउन्सवर (आजारपणामुळे मदत लागणाऱ्या ज्येष्ठांच्या भत्त्यावर) परिणाम होत नाही.

म्हणून एकदम मोठी रक्कम काढून ठेवू नका. टप्प्याटप्प्याने पैसे देणाऱ्या योजना आहेत, आणि त्यांत काढलेल्या पैशावरच व्याज चालतं. त्याआधी पेन्शन क्रेडिट, अटेंडन्स अलाउन्स यांसाठी आपण पात्र आहोत का ते तपासा. ‘सरकारकडे हात कशाला पसरायचे’ म्हणून हक्काचे पैसे सोडायचे आणि तेच पैसे साडेसहा टक्क्यांनी उसने घ्यायचे, हे मला पटत नाही. टॅक्स भरलेला आहे, अर्ज करा.

काढलेल्या पैशावर इन्कम टॅक्स?

नाही. ते कर्ज आहे. ते गुंतवून व्याज मिळवलंत तर त्या व्याजावर लागू शकतो.

पुण्यातला फ्लॅट आहे. तो विकणं बरं की इथे कर्ज काढणं?

फ्लॅट बंद पडलेला असेल, भाडं येत नसेल, सोसायटीचे मेंटेनन्सचे निरोपच येत असतील, तर आधी त्याचाच विचार करा. विक्रीवरचा नफा दोन्ही देशांत सांगावा लागतो. तिथे भरलेला कर दोन देशांमधल्या कर-करारानुसार इथे वळता होतो. एनआरओ खात्यातून (परदेशस्थ भारतीयांच्या भारतातल्या रुपया खात्यातून) वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर आणता येते, त्यासाठी सीएचं प्रमाणपत्र लागतं. भावंडांच्या नावावर अडकलेला वाटा असेल तर वेळ लागेल. त्या फ्लॅटवर भारतातलं रिव्हर्स मॉर्गेज मात्र मिळणार नाही. ती योजना साठीपुढच्या, त्याच घरात राहणाऱ्या माणसांसाठी आहे.

खर्च किती येतो?

इक्विटी रिलीजला सल्लागार, सॉलिसिटर, मूल्यांकन मिळून साधारण १,५०० ते ३,००० पौंड. रिमॉर्गेजला बहुधा कमी. अनेक लेंडर मूल्यांकन आणि कायदेशीर काम फुकट करून देतात. जुनं मॉर्गेज शिल्लक असेल तर इक्विटी रिलीजच्या पैशातून ते आधी फेडावं लागतं, म्हणून हातात येणारा आकडा कोटेशनमधल्या आकड्यापेक्षा लहान असतो.

सल्ला कुणाचा घ्यावा?

सरकारच्या मनीहेल्पर या माहितीसेवेवर आणि सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये मोफत माहिती मिळते. नंतर असा सल्लागार निवडा जो एफसीएच्या (वित्तसेवांवर देखरेख करणाऱ्या नियामकाच्या) रजिस्टरवर आहे आणि संपूर्ण बाजारातल्या योजना बघतो. काहीजण फक्त इक्विटी रिलीज विकतात, त्यामुळे रिमॉर्गेजचा विषयच निघत नाही. त्यांना सरळ विचारा: रिटायरमेंट इंटरेस्ट-ओन्ली तुम्ही देऊ शकता का? नाही म्हणाले तर दुसरीकडेही विचारा. मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेला ओळखीचा माणूस मराठीत बोलतो म्हणून त्याचं रजिस्टर तपासणं टाळू नका. आणि इंग्रजीतली कलमं अवघड वाटत असतील तर मुलाला किंवा मुलीला भेटीला बरोबर न्या. त्यात कमीपणा नाही.

आमच्या पश्चात मुलांना काय करावं लागतं?

मृत्युपत्रात नेमलेल्या व्यक्तीने लेंडरला कळवायचं. घर विकून किंवा दुसरीकडून पैसे उभे करून कर्ज फेडायला साधारण बारा महिने मिळतात, पण त्या काळात व्याज चालूच राहतं. ८०,००० चे २,८१,००० झालेले असतील तर वर्षभराचं व्याज १८,००० च्या वर जातं. म्हणून करार, विम्याची पॉलिसी आणि मृत्युपत्र एकाच फायलीत ठेवा आणि ती कुठे आहे हे मुलांना सांगून ठेवा. लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नीही (तुमच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार देणारा कागद) आत्ताच करून घ्या, कारण स्मरणशक्ती गेल्यावर ती करता येत नाही आणि मग घराबाबतचा कुठलाही निर्णय घ्यायला मुलांना कोर्टाची परवानगी मागावी लागते.